कठीण यंत्र कोणासाठी?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



‘गेम कन्सोलचं हार्डवेअर डेव्हलपरांना झेपत नाही का?’ असा विषय मंडळाच्या फलकावर लागला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारलं, “अहो, बिल्डर लोकांचा आणि खेळण्यांचा काय संबंध?” त्यांची चूक नाही. आपल्याकडे डेव्हलपर म्हटलं की आधी सातबारा आणि एफएसआयच आठवतो. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, की आजचा डेव्हलपर म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारा. आणि कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून ज्यावर मुलं (आणि मुलं झोपल्यावर त्यांचे वडील) खेळतात, तो डबा.

आता गणपतीच्या व्याख्यानात हा विषय कशाला? आपल्यापैकी निम्मे लोक या हैदराबादेत कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पोटी नोकरीला आहेत. काही जण चिप बनवतात, काही जण त्या चिपवर चालणारं सॉफ्टवेअर लिहितात, आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत आपण कँटीनमध्ये रोज ऐकतो. मी स्वतः चिपच्या बाजूचा माणूस. आमच्याकडे वाक्य ठरलेलं असतं, “चिप उत्तम आहे हो, त्यांना वापरता येत नाही.” पलीकडच्या टेबलावर तेच उलटं ऐकू येतं. हा वाद कन्सोलच्या धंद्यात तीस वर्षं उघडपणे, पैशांच्या आणि माणसांच्या हिशेबासकट झाला आहे. म्हणून तो पाहण्यासारखा आहे.

सुरुवात १९९४ पासून करू. त्या वर्षी जपानमध्ये दोन यंत्रं थोड्याच दिवसांच्या अंतराने बाजारात आली. नोव्हेंबरमध्ये सेगा कंपनीचं सॅटर्न आणि डिसेंबरमध्ये सोनीचं पहिलं प्लेस्टेशन. सॅटर्नमध्ये हिताचीचे दोन मुख्य प्रोसेसर होते, शिवाय चित्रासाठी दोन वेगळ्या चिप. कागदावर पाहिलं तर भारदस्त प्रकरण. पण दोन्ही प्रोसेसरना मेमरीकडे जायला वाट एकच. एक सामान आणायला गेला की दुसरा दारात उभा. त्यात भर म्हणजे बाकी जग त्रिकोण जोडून त्रिमिती चित्रं काढायला शिकत होतं आणि सॅटर्न चौकोन काढत होतं. सेगाचेच नामवंत खेळकर्ते यू सुझुकी त्या काळात म्हणाले होते, की सॅटर्नमधून खरा वेग काढू शकणारा प्रोग्रॅमर शंभरात एखादाच. घरचाच माणूस असं म्हणतो, तेव्हा बाहेरच्यांनी काय करावं?

प्लेस्टेशनमध्ये मुख्य प्रोसेसर एकच होता, आणि त्रिमिती गणितासाठी त्याच्या जोडीला एक खास विभाग. सोनीने त्याबरोबर सी भाषेत वापरता येईल अशी तयार लायब्ररी दिली. बाहेरचा प्रोग्रॅमर आला, बसला, काही आठवड्यांत पडद्यावर चित्र दिसायला लागलं. पुढे प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर खपलं आणि सॅटर्न एक कोटीपर्यंतही पोचलं नाही. किंमत, खेळांची यादी, जाहिरात अशी बाकीची कारणं होतीच. पण खेळांची यादी कुठून येते? ज्या यंत्रावर खेळ बनवणं सोपं, तिथेच ती आधी लांबते.

इथे कुणी म्हणेल, की झाला निकाल, सोपं यंत्र जिंकतं. थोडं थांबा. २००० साली प्लेस्टेशन २ आलं. मुख्य प्रोसेसरबरोबर दोन व्हेक्टर युनिटं, त्यांचं वेगळं प्रोग्रॅमिंग आणि चित्रांच्या चिपवर अवघी ४ मेगाबाइट मेमरी. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमर अक्षरशः रडकुंडीला आले. आणि तरीही ते यंत्र १५ कोटींहून अधिक खपलं. कारण ते डीव्हीडीही दाखवत होतं, आधीच्या प्लेस्टेशनचे खेळही चालवत होतं, आणि घराघरांत पोचल्यावर डेव्हलपरांना त्याच्याकडे पाठ फिरवणं परवडणारच नव्हतं. जिथे गिऱ्हाईक आहे तिथे कारागीर डोंगरही चढतो.

मला वाटतं, या यशातूनच सोनीचा आत्मविश्वास फार वाढला. आणि आपण येतो आजच्या मुख्य कथेकडे, म्हणजे २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ कडे.

त्याच्या पोटात होता ‘सेल’ नावाचा प्रोसेसर. सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तिघांनी २००१ मध्ये हात मिळवून तो हाती घेतला. त्याची रचना कळायला आपलं महाप्रसादाचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. एक मुख्य आचारी आहे आणि हाताखाली आठ मदतनीस. आठांपैकी एकाला कारखान्यातच बसवून ठेवलेलं असायचं, म्हणजे एखाद्या चिपमध्ये एक विभाग सदोष निघाला तरी चिप फेकावी लागू नये. दुसरा यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव. खेळाच्या वाट्याला उरले सहा. हे सहा जण मोदक वळण्यात विलक्षण चपळ. पण अट अशी, की प्रत्येकासमोर फक्त एक छोटं ताट, २५६ किलोबाइटचं. त्यात त्याला करायची कृतीही लिहून ठेवायची आणि सामानही मावायचं. कोठीघरात थेट हात घालायला त्याला मनाई. सारण हवं असेल तर चिठ्ठी पाठवायची, ते ताटात येऊन पडायचं, मग वळायला घ्यायचं, आणि झालेले मोदक परत पाठवायचे.

हुशार मदतनीस काय करील? हातातलं सारण संपायच्या आधीच पुढच्या वाटीची चिठ्ठी पाठवून ठेवील, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत. असं सहाही जणांचं वेळापत्रक जमलं तर पाहता पाहता हजार मोदक तयार. नाही जमलं तर सहा जण हात चोळत बसलेले आणि एकटा आचारी घामाघूम. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या अनेक खेळांत नेमकं हेच झालं. मुख्य आचाऱ्यावर सगळा भार आणि मदतनीस बिनकामाचे.

शिवाय सगळंच काम वाटून घेता येत नाही. उकड निघाल्याशिवाय मोदक वळता येत नाहीत, मग मदतनीस सहा असोत की साठ. जीन अॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला, आणि तो त्यांच्याच नावाने नियम म्हणून ओळखला जातो. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो.

समोर स्पर्धक होता मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०, वर्षभर आधी, नोव्हेंबर २००५ मध्ये आलेला. त्यात एकसारखे तीन आचारी आणि सगळ्यांसाठी मिळून ५१२ मेगाबाइटचं एकच कोठीघर. प्लेस्टेशन ३ मध्येही एकूण मेमरी तेवढीच, पण २५६ आणि २५६ अशी दोन खोल्यांत विभागलेली, एक प्रोसेसरची आणि एक चित्रांची. एका खोलीत जागा कमी पडली आणि दुसरीत रिकामी असली, तरी सामान हलवणं सोपं नव्हतं.

आता वादातले दोन्ही पक्ष मांडतो.

यंत्रवाल्यांचा पक्ष असा. एकाच प्रोसेसरचा वेग वाढवत नेण्याचे दिवस २००४-०५ च्या सुमारास संपत आले होते. वेग वाढवावा तर उष्णता झेपेना. पुढचा रस्ता काम वाटून घेण्याचाच होता. मग तो आज शिका नाहीतर पाच वर्षांनी शिका. ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी चमत्कार करून दाखवला. नॉटी डॉग या स्टुडिओचा २००९ चा ‘अनचार्टेड २’ आणि २०१३ चा ‘द लास्ट ऑफ अस’ पाहा. २०१० च्या ‘गॉड ऑफ वॉर ३’ मध्ये चित्राच्या कडा गुळगुळीत करण्याचं काम, जे एरवी ग्राफिक्स चिप करते, ते या मदतनिसांकडून करून घेतलं. नुसते खेळच कशाला? सेलचीच सुधारित आवृत्ती वापरलेला ‘रोडरनर’ हा अमेरिकेतला महासंगणक २००८ मध्ये पेटाफ्लॉपचा टप्पा ओलांडणारा जगातला पहिला ठरला. अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये १,७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून महासंगणक उभा केला. म्हणजे यंत्रात दम होता, यात शंका नाही.

सोनीच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख काझ हिराई तर २००९ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत म्हणाले, की आम्ही मुद्दामच सोपं यंत्र देत नाही. सगळं पहिल्याच वर्षी हाती लागलं तर उरलेली साडेनऊ वर्षं डेव्हलपर करणार काय?

आमच्या बाजूच्या लोकांना हे वाक्य फार आवडतं. मला ते कधी पटलं नाही. का, ते दुसऱ्या पक्षातून कळेल.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा पक्ष असा. नॉटी डॉग सोनीच्याच मालकीचा. त्यांना एकाच यंत्रासाठी खेळ बनवायचा असतो आणि यंत्र बनवणाऱ्यांना फोन करून शंका विचारता येते. पण बहुसंख्य स्टुडिओंना तोच खेळ दोन्ही कन्सोलवर आणि पीसीवर, एकाच तारखेला आणायचा असतो. त्यांच्यापुढे ‘यंत्रातून किती काढता येईल’ हा प्रश्न नसतो, ‘उरलेल्या चार महिन्यांत किती निघेल’ हा असतो. म्हणून एकच खेळ एक्सबॉक्सवर सुरळीत आणि प्लेस्टेशन ३ वर अडखळत, असं वर्षानुवर्षं दिसलं. व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल यांनी २००७ मध्ये या यंत्रावर जाहीर कडक टीका केली. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेला ‘स्कायरिम’ हा प्रचंड खेळ प्लेस्टेशन ३ वर जसजसा खेळत जावा तसतसा मंद होत गेला. विभागलेल्या मेमरीत जागा अपुरी पडते, हे त्याच धाटणीच्या इंजिनवर काम केलेल्या डेव्हलपरने समजावून सांगितलं. त्याचा पुढचा भाग एक्सबॉक्सवर जून २०१२ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ वर फेब्रुवारी २०१३ मध्ये. पैसे तेवढेच मोजलेल्या गिऱ्हाइकाने आठ महिने वाट पाहिली.

मला वाटतं, दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर आहेत, कारण ‘कठीण’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत.

एक काठिण्य असतं ते कामाचंच. काम सहा जणांत वाटणं, सामान वेळेवर आणणं, कोणी कोणासाठी थांबायचं ते ठरवणं, हे कुठल्याही यंत्रावर कठीणच. पण ते शिकलेलं वाया जात नाही. नॉटी डॉगचंच पाहा. सेलसाठी त्यांनी कामाचे छोटे छोटे तुकडे पाडले होते. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आलं, त्यात हे मदतनीस नव्हतेच. खेळ नव्या यंत्रावर नेताना त्यांची दमछाक झाली. पण काम तुकड्यांत पाहण्याची सवय टिकली. पुढे सगळं इंजिन त्याच पद्धतीने अनेक प्रोसेसरवर कसं पसरवलं, ते त्यांनी २०१५ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सर्वांना उघड करून सांगितलं.

दुसरं काठिण्य असतं ते यंत्र बनवणाऱ्याने ठेवलेलं. विभागलेलं कोठीघर, अपुरी कागदपत्रं, नंतर येणारी साधनं. ते शिकून प्रोग्रॅमर शहाणा होत नाही, नुसता थकतो. सॅटर्नचे चौकोन ज्यांनी आत्मसात केले, त्यांना पुढे त्या विद्येचा काय उपयोग झाला? यंत्र गेलं, विद्याही गेली.

हिराईंच्या वाक्यात माझ्या मते हीच गफलत आहे. यंत्राला खोली असावी, वर्षानुवर्षं त्यातून नवं काही काढता यावं, हे मान्य. पण खोल विहिरीला पायऱ्या असू नयेत, असं कुठे आहे? सोनीलाही हे उमगलं होतं, हे नमूद केलं पाहिजे. २००७ मध्ये त्यांनी ‘एज’ नावाची साधनं दिली, त्यात मदतनिसांकडून काम करून घेण्याचा तयार कोड होता. पुढच्या वर्षी ‘फायर इंजिन’ दिलं. हळूहळू बाहेरचे खेळही सुधारले. ज्या न्यूवेलनी टीका केली होती तेच २०१० मध्ये सोनीच्या मंचावर आले, आणि ‘पोर्टल २’ २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ वर निघाला. यंत्रातली चिप तीच होती. बदलल्या होत्या त्या पायऱ्या.

प्लेस्टेशन ४ ची रचना मार्क सर्नी यांच्या हाती होती. ते मूळचे खेळ बनवणारे. त्यांनी आधी डेव्हलपरांना विचारलं, की तुम्हाला काय हवं? उत्तर आलं, मेमरी एकाच ठिकाणी द्या. तेव्हा त्यांच्यापुढे एक पर्याय असा होता, की मुख्य मेमरीची वाट अरुंद ठेवायची आणि चिपमध्येच एक लहान पण सेकंदाला १,००० गिगाबाइट देणारी मेमरी बसवायची. आकडा डोळे दिपवणारा. सर्नींनी तो सोडला आणि सेकंदाला १७६ गिगाबाइट देणारी, पण सगळ्यांना सारखी, ८ गिगाबाइटची एकच मेमरी घेतली. आमच्या धंद्यात मोठा आकडा सोडून द्यायला किती धैर्य लागतं, ते समोर बसलेल्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने उलटी वाट धरली. एक्सबॉक्स वनमध्ये साध्या मेमरीच्या जोडीला ३२ मेगाबाइटची वेगवान मेमरी, आणि ती नीट वापरण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरची. तिची ग्राफिक्स चिपही उणी होती, त्यामुळे सगळा दोष मेमरीला देता येणार नाही. पण ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा खेळ प्लेस्टेशन ४ वर १०८० ओळींचा आणि एक्सबॉक्स वनवर ७२० ओळींचा निघाला, हे सगळ्यांनी पाहिलं. शहाणपण कुठल्याही कंपनीच्या घरी कायमचं मुक्कामाला नसतं.

सर्नींनी मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची माहिती देताना एक साधं माप सांगितलं. नवं यंत्र हाती आल्यापासून स्टुडिओचं काम खऱ्या अर्थाने सुरू व्हायला किती काळ लागतो? पहिल्या प्लेस्टेशनला एक ते दोन महिने, दुसऱ्याला तीन ते सहा, तिसऱ्याला सहा ते बारा, चौथ्याला पुन्हा एक ते दोन आणि पाचव्याला एका महिन्याच्याही आत. हे आकडे पाहिले की मला चिप दिसत नाही, पगार दिसतो. वीस जणांच्या स्टुडिओचा वर्षभराचा पगार आणि पडद्यावर अजून काही नाही. मोठी कंपनी ते सोसते. लहान स्टुडिओ सुरूच होत नाही.

आणि इथे हा विषय आपल्यापर्यंत येतो. याच हैदराबादच्या एका स्टुडिओने २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा खेळ प्लेस्टेशनसाठी आणला. कुठल्या प्लेस्टेशनसाठी? दुसऱ्या. तिसरं येऊन दोन वर्षं उलटली होती. आपल्याकडे गिऱ्हाईक प्लेस्टेशन २ चंच होतं, हे खरंच. पण नवख्या भारतीय चमूने सेलच्या सहा मदतनिसांसाठी वर्षभर खर्च करून उमेदवारी करावी, अशी परिस्थितीही नव्हती. आता २०२० कडे या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने ‘राजी’ हा खेळ बनवला. ऑगस्टमध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षी पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवरही. हे शक्य झालं, कारण अनरियल इंजिनने यंत्रायंत्रांतला फरक बराचसा स्वतःच्या अंगावर घेतला आणि यंत्रंही एकमेकांसारखी झाली. पुण्याच्या मुलांची हुशारी २००९ मध्ये कमी होती असं नाही. मधल्या काळात दाराची उंची बदलली.

वाद मिटला असं मात्र समजू नका. २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा गाजलेला खेळ एक्सबॉक्सवर महिनोन्‌महिने रखडला. स्वस्त मॉडेल सिरीज एसमध्ये मेमरी १० गिगाबाइट, महागड्यात १६. एकच पडदा दोघांत वाटून खेळण्याची सोय लहान मॉडेलवर बसेना. अखेर ती सोय तिथे गाळून डिसेंबरमध्ये खेळ निघाला. प्रश्न तोच, की स्वस्त यंत्राची तडजोड कोणाच्या खांद्यावर टाकायची?

तेव्हा ‘हे डेव्हलपरांना झेपत नाही का?’ हा फलकावरचा प्रश्नच मी थोडा बदलून घेतो. झेपतं, बहुतेक सगळं झेपतं. कोणाला, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने झेपतं, ते विचारलं पाहिजे. समोरच्या चिपवाल्या मित्रांना माझी विनंती आहे. नवा विभाग डिझाइनमध्ये घालताना तो वापरायला शिकवणारी पंचवीस पानं आणि एक चालणारं उदाहरण, हेही डिझाइनचाच भाग धरा, आणि चिपबरोबरच द्या. प्रोग्रॅमर मित्रांनाही एक सांगणं आहे. काम वाटून करण्याची विद्या टाळू नका. यंत्र बदललं तरी ती तुमच्याकडे राहते. आणि इथे बसलेल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांना सांगतो, एखादं यंत्र पहिल्या दिवशी कळलं नाही तर आपण ढ आहोत असं लगेच ठरवून टाकू नका. शंभरात एकालाच कळतं, असं ज्याच्याबद्दल घरच्याच माणसाने सांगितलं, तेही यंत्र होतं. बाकीच्या नव्व्याण्णवांचा त्यात काही दोष नव्हता.

आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!